बाबांची केन, तिच्यावरच्या दोन खाचा आणि बेळगावचे ड्रिल उस्ताद

तळकोकणी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

बाबा गेल्या श्रावणात गेले. 1966 ला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, बेळगावलाच ट्रेनिंग, मग पलटणीत आठ वर्षं काढून 1974 ला परत बेळगाव सेंटरला ड्रिल हवालदार म्हणून आले आणि चार वर्षं रंगरूट घडवले. आम्हाला त्यांनी यातलं काही म्हणजे काहीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "काम होतं, केलं". पण गणपतीत आरतीला त्यांचा आवाज लागला की वाडीच्या त्या टोकाचा माणूस सांगायचा आज तुमच्याकडे आरती कितीला झाली ते.

परवा त्यांची काळी पेटी उघडली, तीच पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव घातलेली. आत एक गरम जर्सी, ब्रासोचा वाळलेला डबा, आणि वेताची केन. केनच्या एका टोकाला पितळेची टोपी आहे आणि अंगावर चाकूने पाडलेल्या दोन खाचा आहेत, बारीक पण मुद्दाम पाडलेल्या, कारण दोन्ही खाचांत काळी शाई भरलीय. आईला वाटतं शोभेला असतील. मला नाही वाटत, बाबा शोभेला काही करणारे नव्हते.

तर विनंती अशी की साठ-सत्तर-ऐंशीच्या काळात जे कुणी अशा उस्तादांच्या हाताखालून गेलेत, किंवा ज्यांच्या घरात असं कुणी होतं, त्यांनी लिहा. दिवस कसा जायचा, उस्ताद कसे असायचे. मला बाबांचा तो भाग माहीतच नाही आणि आता विचारायला ते नाहीत.

पेन्शनर_सातारा

भाऊ, वडील गेल्याचं वाचून वाईट वाटलं. मी 1971 च्या जानेवारीत भरती झालो, बेळगावलाच. तुमच्या वडिलांची माझी गाठ नाही पण त्यांच्या आधीच्या उस्तादांच्या हाताखालून गेलोय, म्हणून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहाटे चारला शिट्टी. बेळगावची जानेवारीतली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मगात चहा घ्यायचा, दाढी करायची, मिसरूड फुटलेलं नसलं तरी वस्तरा फिरवायचाच, मग फॉलिन, म्हणजे रांगेत हजर. पीटी, मग लंगर, मग ड्रिल. आणि ऐका, पहिले पंधरा दिवस आम्हाला बंदूक दाखवलीसुद्धा नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. आम्ही मनात म्हणायचो आम्ही काय जन्मल्यापासून उभे नाही राहिलो का, पण खरंच नव्हतो राहिलो. सावधान म्हणजे टाचा जुळलेल्या, पंजांत 30 अंशाचा कोन, मूठ बंद, अंगठा पँटच्या शिवणीवर, नजर समोर आणि डोळ्यावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. उस्ताद मागनं येऊन मुठीत बोट घालून बघायचे, बोट शिरलं की संपलं.

मग गिनती से. प्रत्येक हालचालीचे तुकडे पाडलेले आणि प्रत्येक तुकडा आपणच ओरडून मोजायचा, सॅल्यूट असला तरी "एक, दो तीन, एक". चाळीस पोरं एका वेळी ओरडतात तेव्हा आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात घसा बसला, दुसऱ्या आठवड्यात उघडला तो आजतागायत.

बुटांचं सांगतो. आमच्यातली निम्मी पोरं गावाकडं अनवाणी वाढलेली, पावलं पुढनं पसरट. त्यात ते अम्युनिशन बूट, तळाला खिळे, टाचेला नाल, कातडं दगडासारखं. पहिल्या महिन्यात संध्याकाळी बराकीत सगळे पाय धरून बसलेले असायचे. टोकाला आरसा पाहिजे असा हुकूम. आमच्या उस्तादांनी स्वतः जमिनीवर बसून दाखवलं होतं, चमचा स्टोव्हवर गरम करायचा, त्याच्या पाठीनं टोकाच्या कातड्याचे दाणे दाबून सपाट करायचे, मग पॉलिशचा थर, फडक्याचा टोक बोटाला गुंडाळून थेंबभर पाणी आणि बारीक बारीक गोल. एक बूट चार रात्री. पाचव्या दिवशी बुटात त्यांना स्वतःचे दात दिसले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे". एवढंच. पण मला ते "ठीक आहे" आजपण आठवतंय.

आता खरी गोष्ट. आमच्यात पाटणकडचा एक पोरगा होता, चालायला लागला की उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढं. एरवी गुरामागं डोंगर चढायचा तेव्हा व्यवस्थित चालायचा, "तेज चल" ऐकलं की झालं. सगळ्या स्क्वाडला त्याच्यापायी रगडा, फ्रंट रोल, रायफल डोक्यावर धरून मैदानाला चक्कर. आम्ही त्याच्यावर चिडलेलो. एका रात्री रोल कॉलनंतर मी पाणी आणायला गेलो तर बराकीच्या मागं उस्ताद आणि तो पोरगा. दोन बांबूच्या काठ्या, पुढची टोकं उस्तादांच्या दोन हातांत, मागची पोराच्या दोन हातांत, आणि दोघं एकामागं एक चाललेत. काठ्यांमुळं उस्तादांचा हात जाईल तसाच त्याचा हात जाणार. मैदानावर जे सिंहासारखे ओरडायचे ते तिथं हळू आवाजात मराठीत म्हणत होते, "डावा पाय, उजवा हात, अरे बैलासारखा चाल की, बैल कधी चुकतो का". असं सहा-सात रात्री चाललं होतं हे नंतर कळलं. ग्राउंडवर हिंदी आणि बराकीत मराठी, आमचे उस्ताद दोन माणसं होते असं म्हणा.

कसम परेड झाली, पलटणीत पोचलो आणि 3 डिसेंबरला लढाई सुरू झाली. अंधारात पहिल्यांदा गोळे पडायला लागले तेव्हा माझे हातपाय माझे नव्हते. शेजारच्या खड्ड्यातनं आमचे सेक्शन कमांडर ओरडले आणि अंग आपोआप हललं, डोक्यानं काही ठरवायच्या आधी. ती सवय बेळगावला लागलेली. मला हे पटवून द्यायची गरज नाही कुणी, मी ते अंगावर घेतलंय.

वैशाली_ठाणे

किती छान लिहिलंत काका.

माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धातले. त्यांच्या वेळी हुकूम इंग्रजीत होते, सावधान-विश्राम वगैरे स्वातंत्र्यानंतरचं. पणजोबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं पण सगळे हुकूम पाठ, "फालीन", "स्टँडटीज", आणि रात्री दार वाजलं की आतून ओरडायचे "हुकुमदार!" आम्हाला वाटायचं हा मराठीच शब्द आहे, कुणीतरी हुकूम देणारा. मोठेपणी कळलं की पहाऱ्यावरच्या शिपायाने "हू कम्स देअर" विचारायचं असतं, त्याचं ते झालेलं. आजी शेवटपर्यंत दारावर टकटक झाली की तेच विचारायची.

निळी_वाट

मी वेगळ्या बाजूने लिहितो. माझे आजोबा महार रेजिमेंटचे. 1 ऑक्टोबर 1941 ला पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावलाच, दुसरी कामठीला. हे लोकांना फारसं माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आमचे लोक पिढ्यानपिढ्या होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच परंपरेतले, आणि 1890 नंतर इंग्रजांनी लढाऊ जाती नावाचं खूळ काढून आमची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण काढली, 1921 ला मोडली. परत वीस वर्षं दार बंद. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा विषय लावून धरला तेव्हा 1941 उजाडलं.

आजोबा 42 मध्ये गेले, वय अठरा. ते ड्रिलबद्दल एकच गोष्ट परत परत सांगायचे. पहिल्या दिवशी रांग सरळ करताना खांद्याला खांदा लावून उभं केलं, आणि उस्तादाने येऊन दोन बोटं हनुवटीखाली घालून त्यांची मान वर केली, म्हणाला "ठुड्डी ऊपर, नजर सामने". आजोबा म्हणायचे गावात आम्ही पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना मान खाली घालून जायचो, चपला हातात घेऊन. आणि इथे मान खाली गेली तर शिक्षा. मान वर ठेवायला सरकारी हुकूम होता. दहा महिन्यांनी रजेवर गावी आले तर मान खाली जाईना, त्यावरून गावात भांडण झालं, पण ती गेली नाही ती नाहीच.

त्यामुळे कुणी म्हणतं ना की ड्रिल माणसाला मेंढरू बनवते, मला ते ऐकवत नाही. कुठून आलेल्या माणसाला उभं करताय यावर आहे ते.

गडहिंग्लजकर

सगळे छान छान लिहितायत, मी थोडं कडू लिहिणार आहे, पण लिहिलंच पाहिजे.

माझा मोठा भाऊ 1983 ला भरती झाला. कुठल्या सेंटरला ते सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात पाय दुखायला लागला, पंजाच्या वर, बूट घातला की जीव जायचा. उस्तादाला सांगितलं, "बहाना मत बना". एमआय रूमला, म्हणजे फौजी दवाखान्यात गेला तर तिथे गोळ्या दिल्या आणि एक्स-रेत काही नाही म्हणून परत ग्राउंडवर. कामचोर म्हणून नाव पडलं, मग पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत वाळू भरून पळवलं, इतर पोरांसमोर केनने पिंढरीवर मारलं. सहा आठवड्यांनी पाय टाकताच येईना तेव्हा परत फोटो काढला तर हाड मोडलेलं, आणि भरूनही येत होतं वाकडं. घरी पाठवला. गावात लोक म्हणाले पळून आला. तो आता साठीचा आहे, अजून पावसाळ्यात लंगडतो आणि टीव्हीवर 26 जानेवारीची परेड लागली की उठून परसात जातो.

उस्तादाचा आवाज, उस्तादाचं प्रेम हे सगळं खरं असेल, पण ज्याचा उस्ताद वाईट निघाला त्याने कुणाकडे जायचं होतं? वर सगळे त्याच्याच बाजूचे.

हाडवैद्य_पुणे

गडहिंग्लजकर, तुमच्या भावाला जे झालं त्याला आम्ही मार्च फ्रॅक्चर म्हणतो, नावातच मार्च आहे बघा. पंजाची लांब हाडं, रोज तोच मार तेवढ्याच जागी बसत राहिला की आधी बारीक तडा जातो. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांचे सुजलेले पाय बघून हे पहिल्यांदा लिहून ठेवलं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी. आणि मुख्य गोष्ट ही की पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत हा तडा बहुतेक वेळा दिसतच नाही. हाड भरायला लागलं की मग दिसतं. म्हणजे भाऊ खरं बोलत होता आणि फोटोही "खोटा" नव्हता, वाट बघून परत काढायला हवा होता आणि तोवर पाय उचलून ठेवायला हवा होता.

अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या पोराला एकदम कडक बूट घालून सिमेंटवर टाच आपटायला लावली की हे होणारच, सगळ्यांना नाही पण काहींना नक्की. भावाला माझा निरोप सांगा की एका डॉक्टरने लिहिलंय, तो कामचोर नव्हता.

गडहिंग्लजकर

सांगतो. आज संध्याकाळीच फोन करतो. आभारी आहे डॉक्टर.

पेन्शनर_सातारा

गडहिंग्लजकर, मी दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं, कारण काय लिहावं कळेना.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. रगडा हा शिकवण्याचा भाग होता, पण हात उचलणं कधीच नियमात नव्हतं, तरी व्हायचं. पुढं मी स्वतः सेंटरला दोन वर्षं इन्स्ट्रक्टर होतो, ड्रिलला नाही, वेपन ट्रेनिंगला. माझ्या बाजूच्या प्लाटूनला एक उस्ताद होता तो मारायचा. मला दिसत होतं. मी एकदा त्याला चहाच्या वेळी बोललो, तो म्हणाला तू तुझी पोरं सांभाळ. मी सुभेदार साहेबांकडं गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

चांगला उस्ताद आणि वाईट उस्ताद दोघंपण ओरडतात, लांबनं बघणाऱ्याला फरक कळत नाही. रंगरूटाला मात्र तिसऱ्या दिवशी कळतो. चांगला असेल तो शिक्षा देताना स्वतः बरोबर पळतो. आमच्यावाले पळायचे, चाळिशीला आलेले, आमच्याबरोबर फ्रंट रोल मारून उठायचे आणि त्यांची इस्त्री मोडलेली असायची. तुमच्या भावाला तसा नाही मिळाला याचं मला खरंच वाईट वाटतं.

माणगावची_सून

आमच्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, मी रोज त्यावरून जाते म्हणून लिहावंसं वाटलं. 10 जुलै 1944, इटली, वय बावीस. त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे कोसळले. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, गनरला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग दुसरीकडून गोळी लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पेन्शनर काकांनी लिहिलं ना अंग आपोआप हललं, ते वाचून मला हेच आठवलं. मॅगझिन संपली हे कळून बंदूक उलटी धरायला किती क्षण मिळाले असतील. त्यांच्यापण मागे बेळगावचा कुणीतरी उस्ताद असेल, ज्याचं नाव कुठेच नाही.

बखरवाला

थोडं अवांतर. "कवायत" हा शब्द अरबी, कायदा-कवायद मधला, म्हणजे मुळात "नियम". मराठ्यांना कवायती फौज नवी नव्हती. पानिपतावर 1761 मध्ये इब्राहिमखान गारद्याची पायदळ पलटण फ्रेंचांच्या पद्धतीने शिकलेली होती. पुढे महादजी शिंद्यांनी 1784 च्या सुमारास दिबॉयन या फ्रेंच-इटालियन सीमेवरच्या सॅव्हॉयच्या माणसाला ठेवून कंपू, म्हणजे कवायती पलटणी उभ्या केल्या. एका हुकमावर भरणं, एका हुकमावर बार काढणं याला त्या काळात जीवनमरणाचा अर्थ होता, कारण ठासणीच्या बंदुकीची एकेकटी गोळी कुठे जाईल भरवसा नाही, शंभर एकदम सुटल्या तर समोरची रांग पडते. पुढे बंदुका बदलल्या, रांगेत उभं राहून लढणं संपलं, तरी कवायत राहिली. का राहिली याचं उत्तर वरच्या काकांच्या पोस्टमध्ये आहे.

अंडर_ऑफिसर_सांगली

मी फौजेतली नाही, पण एनसीसीत तीन वर्षं होते 1990 च्या आसपास, आणि आम्हाला शिकवायला पलटणीतले हवालदार यायचे, तर आवाजाबद्दल आणि खाचांबद्दल बोलू शकते.

तळकोकणी, तुमच्या बाबांचा आवाज जन्मजात नसणार, तो कमावलेला असतो. मैदानाच्या दोन टोकांना दोन रांगा समोरासमोर उभ्या करतात, शंभरेक पावलांवर, आणि आपण आपल्या समोरच्या एकाच माणसाला हुकूम द्यायचा, बाकी सगळे त्याच वेळी त्यांच्या त्यांच्या माणसाला देत असतात. समोरच्याने ऐकला आणि बरोबर केला तरच सुटका. घशातून ओरडलात तर दहा मिनिटांत आवाज जातो, पोटातून काढावा लागतो. आणि हुकमाचे दोन भाग, पहिला लांब खेचायचा, "पीछेऽऽऽ", म्हणजे ऐकणाऱ्याला तयार व्हायला वेळ मिळतो, दुसरा चाबकासारखा, "मुड". "थम" म्हणायचं तर डावा पाय जमिनीवर असतानाच, जरा उशीर झाला की अख्खा स्क्वाड अडखळतो, आणि चूक त्यांची नाही, हुकूम देणाऱ्याची. आमचे उस्ताद अशा वेळी आम्हाला नाही, हुकूम देणाऱ्या कॅडेटला मैदानाला चक्कर मारायला लावायचे.

आता खाचा. एक काम करा, टेप घेऊन मोजा. टोपीच्या टोकापासून पहिली खाच 12 इंचांवर आणि दुसरी 30 इंचांवर भरली तर कोडं सुटलं. विश्रामला दोन पायांत अंतर 12 इंच, आणि तेज चलचं एक पाऊल 30 इंच, मिनिटाला 120 पावलं. लाइट इन्फन्ट्रीची चाल त्याहूनही जलद. मोठ्या ठिकाणी यासाठी पेस स्टिक असते, कंपासासारखी उघडणारी लाकडी, पण ती सगळ्यांच्या हातात कुठली असणार. केनवर खुणा केल्या की काम झालं, चालत्या रंगरूटाच्या पायाशी धरायची आणि लगेच दाखवायचं, कमी पडतंय.

पेन्शनर_सातारा

बरोबर बोलली पोरगी. आमच्या उस्तादांच्या केनवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या, मला आत्ता आठवलं.

तळकोकणी

मंडळी, चार दिवस गावी होतो म्हणून उशीर.

सुताराकडून टेप आणला आणि मोजलं. पहिली खाच बरोबर 12 इंच. दुसरी 30. केसभर इकडे नाही तिकडे नाही.

मी आईला हे सांगितलं, पेन्शनर काकांचं बांबूच्या काठ्यांचं पण वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली चल तुला दाखवते, आणि मला मागच्या खळ्यात घेऊन गेली. आमच्याकडे खळ्यापासून बावीपर्यंत, म्हणजे विहिरीपर्यंत, जांभ्या दगडांची पाखाडी, म्हणजे पायवाट आहे, बाबांनी 1979 ला सुट्टीवर आले तेव्हा स्वतः घातलेली. लहानपणी आम्हा भावंडांना त्या दगडांवरून उड्या मारत जावं लागायचं, पाय पुरायचा नाही, आणि आम्हाला वाटायचं सगळ्यांच्या पाखाड्या अशाच असतात. मी टेप लावला. या दगडाच्या मधापासून त्या दगडाच्या मधापर्यंत 30 इंच. पुढचा पण. पुढचा पण. बावीपर्यंत एकूण 22 दगड आहेत, सगळे मोजले.

आई म्हणाली, तेव्हा तिला डोक्यावर कळशी घेऊन त्या दगडांवरून चालता येईना, दोनदा पाय घसरला. तिने बाबांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांनी माजघरातून बघितलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर प्रत्येक दोन दगडांच्या मधे एकेक छोटा दगड बसवलेला होता, बाबा हात धुवत होते. ते छोटे दगड अजून तिथेच आहेत, शेवाळ धरलंय, मी काल ब्रशने घासून काढले.